शिपाईगिरीनंतरचे घर : बालपरवेशीपासून हयातीच्या दाखल्यापर्यंत



साहित्य मंडळाच्या व्यासपीठावर पेन्शनचा विषय कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. ती रास्त आहे. परंतु ज्या समाजाने पोवाडे रचले, बखरी लिहिल्या, त्या समाजाने लढाईच्या वर्णनानंतरची चार ओळींची नोंदही वाचली पाहिजे. लढाई संपली, शिपाई घरी आला, किंवा आलाच नाही. मग त्या घराचे पुढे काय झाले? राज्यसंस्थेने त्या घराकडे कसे पाहिले? या प्रश्नाचा आपल्या भाषेतला आणि आपल्या भूभागातला इतिहास आज थोडक्यात मांडायचा आहे. त्यात बालपरवेशी आहे, वऱ्हाड आहे, दापोलीचे पेन्शनर आहेत आणि आपल्या दाराशी वाहणारी पैनगंगाही आहे.

सुरुवात कृष्णाजी अनंत सभासदापासून करू. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने शिवछत्रपतींची बखर लिहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध झाला, हा भाग आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचा मजकूर मात्र घाईने वाचला जातो. युद्धात पडलेल्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेऊन त्यांचे चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले, असे सभासद सांगतो. या नोंदीत तीन तत्त्वे आहेत. मेलेल्याच्या मुलाला चाकरी, विधवेला नवऱ्याच्या वेतनाचा ठरावीक हिस्सा आणि अपंगत्वाच्या प्रमाणात रक्कम. आजच्या कायद्याच्या भाषेत हीच तत्त्वे अनुकंपा नियुक्ती, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अपंगत्व निवृत्तिवेतन या नावांनी ओळखली जातात. सव्वातीनशे वर्षांपूर्वी ती एका बखरकाराला नोंदवण्याजोगी वाटली, याचा अर्थ लोकांच्या मनात त्यांची किंमत होती.

पेशवाईच्या दप्तरात याच प्रथेला एक सुंदर शब्द आहे : बालपरवेशी. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या संगोपनासाठी सरकारातून लावून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. कुठे ती रोख रकमेची असे, कुठे जमिनीची. शब्दातच हेतू स्पष्ट आहे. मेलेल्याचा गौरव हा पोवाड्याचा विषय. बालपरवेशीचा विषय मागे राहिलेले लेकरू. मात्र या व्यवस्थेची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. ती धन्याच्या मर्जीवर आणि खजिन्याच्या अवस्थेवर अवलंबून होती. सरदार बदलला, महाल गेला, की नेमणूक थकायची. मागणाऱ्याजवळ सांगायला सेवा होती, परंतु दाखवायला हक्क नव्हता.

सैनिकाचे देणे थकले तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच दाराशी आहे. निजामाच्या राज्यात ‘हैदराबाद कंटिन्जंट’ नावाची फौज होती. तिचा खर्च निजामाने करायचा, अधिकारी मात्र इंग्रज. या फौजेचे पगार वेळेवर निघेनात, म्हणून कंपनी सरकार आपल्याकडून रक्कम भरू लागले आणि ती निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढत गेली. कर्ज चाळीस लाखांच्या वर गेले, तेव्हा लॉर्ड डलहौसीच्या काळात, मे १८५३ मध्ये तह झाला आणि फौजेच्या खर्चाच्या भरपाईसाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड परत आले नाही. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमचे पट्ट्याने दिले गेले.

याचा परिणाम असा की पैनगंगा ही दोन कारभारांची हद्द झाली. नदीच्या पलीकडे वणी आणि यवतमाळचा इंग्रजी अंमल, अलीकडे निजामाचा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले. उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. यवतमाळ आणि आदिलाबाद यांच्यामधली नदीची जुनी हद्द मात्र तशीच राहिली. जैनथ, बेला, तामसी, तलमडगू या भागांतल्या आपल्या घरांचे सोयरे नदीपलीकडे का आहेत, आणि सातबारा व पहाणी असे दोन वेगळे कागद आपल्या एकाच भावकीत का आहेत, याचे एक मूळ शिपायांच्या थकलेल्या पगारात आहे. सैनिकाचे देणे ही राज्याच्या हिशेबातली किरकोळ बाब नसते, हे आदिलाबादच्या माणसाला नकाशावरूनच शिकता येते.

त्या कंटिन्जंटचे पुढे काय झाले तेही सांगतो, कारण त्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. विसाव्या शतकाच्या आरंभी ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. नाव दख्खनचे, परंतु भरती हळूहळू उत्तरेकडची होत गेली, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊं रेजिमेंट झाले. आज तिचे दप्तर हिमालयाच्या पायथ्यापलीकडे राणीखेतला आहे. आपल्या घरात ‘आजोबा हैदराबाद पलटणीत होते’ अशी आठवण असेल आणि ती पलटण याच परंपरेतली असेल, तर तिचा कागद हैदराबादेत शोधून सापडणार नाही.

इंग्रजी अमलात बालपरवेशीची जागा पेन्शनने घेतली. शब्द परका होता, पण तो आपल्या खेड्यापाड्यांत इतका रुजला की ‘पेन्शनर’ ही गावातली एक स्वतंत्र ओळख झाली. ठरावीक वर्षे नोकरी, ठरावीक रक्कम, ठरावीक दिवशी खजिन्यातून पैसे. बलुत्यावर आणि सावकारावर चालणाऱ्या गावगाड्यात हे रोख उत्पन्न ही मोठीच गोष्ट होती. गावातल्या कोणाचीही मर्जी राखल्यावाचून मिळणारा तो पैसा होता.

याचा सामाजिक परिणाम कोकणात दापोलीला दिसला. तेथे महार समाजातल्या निवृत्त शिपायांची वस्ती होती. पलटणीच्या शाळेत शिकलेले, अर्ज लिहू शकणारे, गावकीच्या कामातून सुटलेले असे हे लोक. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांच्यापैकीच एक पेन्शनर. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्जाची चळवळ उभारली. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही अशीच मागणी सरकारपुढे मांडली. सुभेदार रामजी सकपाळ हेही पलटणीतून निवृत्त होऊन काही काळ दापोलीला राहिले. त्यांच्या मुलाने देशाची राज्यघटना घडवली. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ वी महार पलटण युद्धानंतर मोडली गेली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. भरती बंद होणे म्हणजे केवळ नोकरी जाणे नव्हते. त्यासोबत शिक्षण, पेन्शन आणि गावगाड्याबाहेरची प्रतिष्ठा जात होती. म्हणूनच ती मागणी इतक्या चिकाटीने लढवली गेली.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली. चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास परतली नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावाचे ४६ जवान त्यांत होते. आपल्या हैदराबाद संस्थानाचे घोडदळ जोधपूर व म्हैसूरच्या घोडदळांबरोबर पॅलेस्टाईनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादच्या स्वाराची आहे. एवढी माणसे परत आली, त्यांत हातपाय गमावलेलेही होते, तेव्हा फक्त पेन्शन पुरेशी नाही हे सरकारच्या लक्षात आले. १९१७ मध्ये मुंबईत अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था सुरू झाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तेथे चालते. १९१९ मध्ये ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन झाले. १९७५ पासून त्याचे नाव केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. राज्याराज्यांतली सैनिक कल्याण खाती आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक कल्याण कार्यालये या व्यवस्थेच्या खालच्या पायऱ्या होत. यांतला जिल्हा अधिकारी म्हणजे निवृत्त शिपाई आणि सरकार यांच्यामधला दुभाषा. त्याचे काम अर्ज पुढे पाठवणे, दाखले देणे, आणि घरातल्या बाईला कोणता कागद कुठे लागतो ते सांगणे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळला जाऊ लागला. शाळेत असताना आपण सर्वांनी छातीवर लावलेला तो छोटा कागदी ध्वज म्हणजे सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या निधीची वर्गणी. परंतु सर्वांत मोठा बदल न्यायालयातून आला. सरकारने १९७९ मध्ये पेन्शनचे नवे, उदार सूत्र लागू केले, पण ठरावीक तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांपुरतेच. त्याविरुद्धच्या डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला. पेन्शन हे सरकारच्या मर्जीने मिळणारे बक्षीस नाही. केलेल्या सेवेबद्दल मिळणारा तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही, असा त्याचा आशय. हा निकाल नागरी आणि सैनिकी दोन्ही पेन्शनरांना लागू होता. बालपरवेशीच्या काळी जी गोष्ट धन्याच्या कृपेवर होती, ती त्या दिवशी कायद्याने हक्काच्या खात्यात आली.

त्यानंतरची वाटचाल आपल्या डोळ्यांदेखतची आहे. १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. सप्टेंबर २००४ मध्ये संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ ही जुनी मागणी नोव्हेंबर २०१५ च्या आदेशाने मान्य झाली. तिचा लाभ १ जुलै २०१४ पासून धरला गेला आणि दर पाच वर्षांनी फेरआकारणी ठरली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी झाली. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेने पुनर्विवाह केला तर पदकाचा भत्ता बंद होई; दिराशी लग्न केले तरच तो चालू राही. ती अट काढून टाकण्यात आली. घरची मालमत्ता घरात राहावी म्हणून विधवेला दिराच्या घरी बसवण्याची रीत सरकारी नियमाने इतकी वर्षे उचलून धरली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बदलाचे महत्त्व कळते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पेन्शन केंद्र सरकार देते. ती सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच. पण जमीन, राज्याच्या नोकरीतल्या राखीव जागा, मुलांच्या शिक्षणाची मदत, शहीदाच्या घराला मिळणारी रक्कम हे राज्याच्या अखत्यारीत येते आणि रहिवासावर ठरते. नदीपलीकडच्या माजी सैनिकाला महाराष्ट्र शासनाच्या क आणि ड वर्गाच्या नोकऱ्यांत पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. अलीकडच्या भावाला तेलंगणाचे नियम लागू. दोघे एकाच पलटणीत, एकाच बराकीत राहिलेले असू शकतात. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही; प्रत्येक राज्याची आपली रीत असते. परंतु सोयऱ्याने सांगितलेल्या माहितीवर विसंबून चुकीच्या राज्यात अर्ज करणारी घरे आपल्या सीमाभागात असतात, आणि त्यात वर्षे जातात.

तेलंगणाच्या बाजूने जे मिळू शकते त्यात जमीन महत्त्वाची. आंध्र प्रदेशाच्या काळापासून सरकारी जमीन वाटपाची मर्यादा अडीच एकर ओलिताची किंवा पाच एकर कोरडवाहू अशी आहे. एरवी वाटपाची जमीन १९७७ च्या कायद्याने विकता येत नाही. माजी सैनिकाला मात्र दहा वर्षांनंतर ती विकण्याची मोकळीक आहे. आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक कंगोरा आहे. उटनूरकडचा मोठा प्रदेश अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे १९७० च्या पहिल्या विनियमामुळे आदिवासींव्यतिरिक्त कोणाकडेही जमिनीचे हस्तांतर होऊ शकत नाही. हा निर्बंध गोंड आणि कोलाम बांधवांच्या दीर्घ लढ्याची कमाई आहे आणि तो पाळलाच पाहिजे. म्हणून जमिनीचा अर्ज करण्याआधी गाव कोणत्या क्षेत्रात येते ते तहसील कचेरीत पाहून घ्यावे.

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात सूर्यापेटचे कर्नल संतोष बाबू यांना वीरमरण आले. तेलंगणा सरकारने त्यांच्या कुटुंबाला पाच कोटी रुपये, घरासाठी जागा आणि त्यांच्या पत्नीला उच्च श्रेणीची नोकरी दिली. त्यांच्याबरोबर पडलेल्या इतर राज्यांच्या जवानांच्या घरांनाही मदत जाहीर केली. सभासदाच्या नोंदीशी याचे नाते उघड आहे, आणि राज्याने ते योग्यच केले. परंतु बहुतेक शिपाई रणांगणावर मरत नाहीत. ते पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतात, बँकेत पहारा करतात, शेती पाहतात आणि म्हातारपणी घरी डोळे मिटतात. त्यांच्या पत्नीच्या दारी कोणी मंत्री येत नाही. तिच्या हाती असते ती फक्त एक ओळ : नवऱ्याच्या पेन्शनच्या कागदावर तिचे नाव.

आणि आपल्या मराठी घरांत नेमकी हीच ओळ अडते. कारण तिहेरी आहे. पहिले, लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल. माहेरी शांता, सासरी लक्ष्मी. नवऱ्याने पलटणीत एक नाव लिहवले, आधारावर दुसरे आले. दुसरे, नावाची मांडणी. आपण नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. तेलुगू रीतीत इंटिपेरु, म्हणजे घराण्याचे नाव, आधी येते आणि बहुधा एकाच अक्षरात. सैन्यात ‘मारोती गंगाराम पवार’ असलेला माणूस इथल्या कागदांवर ‘पी. मारुती’ होतो. दोन्ही बरोबर असतात, पण संगणकाला ती दोन माणसे वाटतात. तिसरे, जन्मतारीख. निजामाच्या काळातल्या शाळेत तारखा फसली सनात आणि उर्दूत लिहिल्या जात. त्या इसवी सनात आणताना ५९० मिळवायचे असतात, आणि महिन्यांच्या फरकाने एक वर्ष इकडेतिकडे होते. आज नव्वदी गाठलेल्या पेन्शनरांच्या घरांत हा घोळ अजून आहे.

सैन्यात लग्न, अपत्यजन्म, घटस्फोट यांची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ नावाच्या दैनंदिन आदेशात होते. ती झाली नसेल तर नवरा गेल्यावर पत्नीला सिद्ध करत बसावे लागते की आपण पत्नी आहोत. अलीकडे पेन्शनचा कारभार ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेवर आला आहे आणि हयातीचा दाखलाही बोटाच्या ठशावर देता येतो. सोय मोठी आहे. पण कापूस वेचून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, आणि पडद्यावरच्या सूचना मराठीत नसतात, हेही तितकेच खरे.

म्हणून इतिहासाच्या या व्याख्यानाचा शेवट एका कामाच्या विनंतीने करतो. ज्या घरात माजी सैनिक हयात आहेत त्यांनी याच महिन्यात तीन कागद एकमेकांशी ताडून पाहावेत : डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश म्हणजे पी.पी.ओ., आणि पत्नीचे आधार. नाव किंवा तारीख जुळत नसेल तर दुरुस्ती त्यांच्या हयातीतच, त्यांच्या सहीने करावी. ती तेव्हा सोपी असते. जुने दप्तर शोधायचे असेल तर पलटण पाहून पत्र लिहावे : मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातल्या सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, ई.एम.ई.चे सिकंदराबादला. आणि आपल्या मंडळात तेलुगू, मराठी, इंग्रजी या तिन्ही भाषा जाणणारी तरुण मुले आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार अशा अर्जांसाठी दिला, तर ती या मंडळाची मोठी वाङ्मयसेवा ठरेल. अर्ज हाही मराठी गद्याचा जुना प्रकार आहे. वलंगकरांनी तो लढ्यासाठी वापरला.

जमिनीच्या बाबतीत आपण फार सावध लोक आहोत. १९५४-५५ च्या खासरा पहाणीची नक्कल आपल्याकडे ट्रंकेच्या तळाशी, कापडात गुंडाळून ठेवलेली असते. त्याच कापडात आता डिस्चार्ज बुकही ठेवा, आणि ते कुठे ठेवले आहे ते घरातल्या बाईला सांगून ठेवा.